उपचार संपले, फाईल जपा

गटाच्या बैठकीत आपण कर्ज बोलतो, हप्ते बोलतो, बाळंतपण बोलतो. आज एका वेगळ्या विषयावर बोलू. लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या लेकरांचं पुढे काय होतं, त्यांची हाडं आणि त्यांची पाळी कशी सांभाळायची, हा तो विषय.

आपल्या जिल्ह्याला कॅन्सर नवा नाही. बार्शीला नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आहे. गावोगावच्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवायचं देशातलं पहिलं ग्रामीण केंद्रही बार्शीचंच, १९८७ सालचं. पण कॅन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठी माणसं येतात. लहान लेकरांनाही तो होतो, त्यात रक्ताचा जास्त. आणि वेळेवर पूर्ण उपचार मिळाले तर त्यातली पुष्कळ लेकरं बरी होतात, शाळेत जातात, मोठी होतात.

अडचण पुढे येते. आम्ही गावांत फिरतो तेव्हा हेच ऐकतो, "झालं बाई सगळं, आता त्याचं नावपण काढू नका." मुलगी असली तर फाईल ट्रंकेच्या तळाला जाते, सोयरिकीच्या वेळी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. एका घरी तर ती चुलीत गेली. चार वर्षांनी मुलीचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी कोणती औषधं चालू होती? घरात कुणालाच सांगता येईना.

हाडाचा आणि जुन्या औषधांचा संबंध काय? आपल्या बचतीसारखंच समजा. हाडांत कॅल्शियमची बचत होते ती लहानपणापासून साधारण विशी-पंचविशीपर्यंत. पुढे आयुष्यभर तेच पुरवून खायचं असतं. रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. त्यात स्टेरॉइडच्या गोळ्या असतात, मेथोट्रेक्सेट असतं. ही औषधं जीव वाचवतात, पण बचतीच्या वयातच हाडं कमकुवत करतात. लेकरू अंथरुणावर, खेळ बंद, ऊन नाही. त्यामुळे बचत आणखी घटते. स्टेरॉइडमुळे काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाही कमी होतो. म्हणून अशा लेकराची जांघ किंवा गुडघा दुखत असेल, ते लंगडत असेल, तर चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता हार्मोन. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. उंची, थायरॉइड, पाळी यांना हुकूम तिच्याकडून जातो. डोक्याला रेडिएशन दिलं असेल तर तिचं काम मंदावू शकतं, आणि ते कित्येक वर्षांनीही दिसू शकतं. मानेला रेडिएशन दिलं असेल तर थायरॉइड कमी पडू शकतं. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांचा जास्त डोस, किंवा पोटाच्या खालच्या भागाला दिलेलं रेडिएशन, अंडाशयाला इजा करू शकतं. मग पाळी येत नाही, किंवा येऊन लवकर थांबते. पाळीचं हार्मोन हाडालाही धरून ठेवतं. ते कमी झालं की तरुण मुलीची हाडं म्हातारीसारखी ठिसूळ होतात. म्हणून पाळी आणि हाडं वेगळी धरू नका.

प्रत्येक लेकराला हे होतंच असं नाही. कोणतं औषध, किती, कोणत्या वयात, यावर ते ठरतं. म्हणून तर फाईल हवी.

काय बघायचं? दर सहा महिन्यांनी उंची मोजून दारामागे तारीख घालून खूण करा. तेराव्या वर्षापर्यंत छाती वाढायला लागली नाही, पंधरापर्यंत पाळी आली नाही, किंवा आठच्या आत वयात येण्याची लक्षणं दिसली, तर दवाखाना गाठा. सतत थकवा, विनाकारण वजन वाढणं, थंडी न सोसणं यासाठी थायरॉइडची रक्ततपासणी होते. हाडांची घनता मोजायला डेक्सा नावाची तपासणी असते. मुलांचंही बघा. चौदापर्यंत वयात येण्याची खूण नसेल तर त्यांनाही न्या. हार्मोनच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नका. हार्मोन कमी असेल तर डॉक्टर मोजून देतात, आणि त्याने फरक पडतो.

घरी काय करायचं? आपली ज्वारी चांगलीच, पण तिच्या शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम तीस मिलिग्रॅमच्या आसपास. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची भाकरी करा. दूध, दही, तीळ, शेवग्याचा पाला रोजच्यात येऊ द्या. सोलापूरला उन्हाला तोटा नाही, पण लेकरू दिवसभर घरात असेल तर त्याचा काय उपयोग? त्याला उन्हात चालू द्या, खेळू द्या. मिसरी आणि तंबाखू या घरात नकोच.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळी ओपीडी चालते. डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी ती सुरू केली. तिथे आजार परत आला का एवढंच बघत नाहीत. वाढ, हार्मोन, हाडं, हृदय सगळं बघतात. 'उगम' नावाचा अशा बऱ्या झालेल्यांचा गटही २००९ पासून आहे. ही मुलं आता मोठी होऊन दुसऱ्यांना धीर देतात. तपासणीला जाताना रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. उपचार जिथे झाले तिथे विचारा.

आणि लग्नाचं. हा आजार संसर्गाचा नाही. बऱ्या झालेल्या कितीतरी मुली आई होतात. काहींना अडचण येते, ती आधी तपासलेली बरी. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना जुना आजार सांगायलाच हवा, कारण काही औषधांचा हृदयावरही परिणाम झालेला असू शकतो. लपवलेली फाईल सासरी गेल्यावर मुलीच्याच जिवावर येते.

म्हणून आपल्या गटांनी एवढं करू या. आपल्या गावात असं लेकरू असेल तर त्याच्या आईशी एकटीशी बोला, चार जणींत नाही. फाईलच्या दोन झेरॉक्स काढायला लावा, एक मामाकडे ठेवा. तपासणीच्या तारखेला गाडीभाडं कमी पडत असेल तर ते गटातून कमी व्याजाने द्या. आपण म्हशीसाठी कर्ज देतो, मग लेकीच्या हाडांसाठी का नको? पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.