बुरशी, पाला आणि गोळी

मला इथे बहुतेक वेळा कविता वाचायला बोलावतात. आज मात्र साखरेविषयी बोलणार आहे. ती माझ्या रक्तात आहे.

माझं लहानपण पिंपरीत गेलं. अब्बा हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये कामाला होते. पिंपरीत तिला सगळे नुसतं 'एचए' म्हणतात. १९५४ साली सरकारने उभारलेल्या या कंपनीत पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिन बुरशीपासून होतं, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. एकदा घरात पावाला बुरशी आली, तर मी अम्मीला तो पाव टाकू देईना. अब्बा हसले. म्हणाले, "बेटा, बुरशीत औषध असतं, पण बुरशी म्हणजे औषध नव्हे. ती टाकीत वाढवायची, औषध वेगळं काढायचं, शुद्ध करायचं, तपासायचं. त्यासाठीच तर कारखाना आहे."

हे बोलणं मी विसरलो आणि पन्नाशीत ते मला महागात पडलं.

भोसरीच्या एका लहान कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. आमचा माल चाकणला मोठ्या कंपन्यांकडे जातो. काही वर्षांपूर्वी मला मधुमेह निघाला, दुसऱ्या प्रकारचा. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी दिली. सुरुवातीला पोट बिघडायचं. तेवढ्यात एका सहकाऱ्याने चाकणच्या बाजारातल्या एका विक्रेत्याचं चूर्ण आणून दिलं. जांभळाची बी, गुडमार, गुळवेल. "शंभर टक्के वनस्पती, गोळी कायमची बंद," असं विक्रेत्याने सांगितलं होतं. मी गोळी सोडली आणि सकाळी कारल्याचा रस सुरू केला. कडू आहे म्हणजे गुणकारी असणारच, ही आपली जुनी समजूत.

चार महिने मी मजेत होतो. मग एका संध्याकाळी बायकोला माझ्या मोज्यावर रक्त दिसलं. सेफ्टी शूजने टाच सोलली होती, चिघळली होती आणि मला दुखलंच नव्हतं. साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, हे तेव्हा कळलं. 'एचबीएवनसी' तपासली, ती १०.८ निघाली. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. किती चिकटली, यावरून मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी समजते. ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह. उपचार घेणाऱ्या बहुतेकांना ती सातच्या आसपास ठेवायला सांगतात.

मला वाटलं, डॉक्टरबाई रागावतील. त्यांनी आधी जखम धुतली, मग म्हणाल्या, "तुम्ही जी गोळी सोडलीत, तिचं मूळही वनस्पतीतच आहे."

युरोपात गॅलेगा नावाचं जांभळट फुलांचं झुडूप आहे. त्यातल्या एका द्रव्याने साखर उतरते, पण ते विषारी आहे. त्याच जातकुळीतलं, सुरक्षित असं मेटफॉर्मिन प्रयोगशाळेत १९२२ साली तयार झालं आणि १९५७ साली फ्रान्सचे डॉ. जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहासाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. यकृत रक्तात जी जादा साखर सोडतं, ती ही गोळी कमी करते. जेवणाबरोबर घेतली, हळूहळू वाढवली, तर पोटही सहसा सावरतं. आज वापरात असलेलं डापाग्लिफ्लोझिनही असंच. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतलं एक द्रव्य १८३५ साली वेगळं केलं गेलं. त्याचाच धागा धरून पुढे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं हे औषध आलं.

"मग माझं चूर्ण काय वाईट?" मी विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "त्यात कशाचं प्रमाण किती, हे कोणी मोजलंय?" मला अब्बांचा पाव आठवला.

श्रोतेहो, आपल्या वनस्पती थोतांड नाहीत. मेथीच्या दाण्यांतला चोथा अन्नातली साखर रक्तात सावकाश जाऊ देतो. बिबळ्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पिणारे लोक गावोगाव आहेत. या बिबळ्याची चाचणी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नव्याने मधुमेह निघालेल्या रुग्णांवर केली, तिचे आशादायक निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. गुडमारचं पान चावून साखर तोंडात टाका, वाळू खाल्ल्यासारखी लागते. पण जिभेवरची गोडी गेली म्हणजे रक्तातली गेली, असं नाही. कारलं, जांभूळ यांच्यावरही अभ्यास झाले, मात्र गोळी बंद करावी इतका भरवसा त्यांतून मिळालेला नाही.

उलट बाजूही आहे. साखर खाली आणणाऱ्या गोळ्यांबरोबर कारल्याचा रस घेतला, तर ती जास्तच उतरू शकते. 'शुद्ध वनस्पती' म्हणून विकलेल्या चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखं ॲलोपॅथीचं औषध मिसळलेलं सापडल्याच्या घटना देशोदेशी नोंदल्या गेल्या आहेत. माणूस समजतो पाल्याचा गुण आला आणि पोटात जाते न मोजलेली गोळी.

आमच्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे, शिफ्टची. रात्रपाळी, अवेळी जेवण, दर दोन तासांनी गोड चहा. गोळीची वेळ घड्याळाला नव्हे, जेवणाला बांधून घ्या. उपास आणि रोजे यांचंही तसंच. रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलून घ्या. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर हे फारच गरजेचं आहे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. ती ७० च्या खाली गेली, तर रोजा लगेच सोडायचा. नवरात्रात साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांनीही मीटर जवळ ठेवावा.

माझी टाच भरायला दोन महिने लागले. आता गोळी वेळेवर घेतो, संध्याकाळी चालतो, झोपण्याआधी दोन्ही तळपाय आरशात पाहतो. कारलं अजून खातो, पण भाजी म्हणून, भाकरीबरोबर.

तुम्ही कुठला पाला, काढा, चूर्ण घेत असाल, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. पुडी सोबत न्या. आणि कोणाच्याही शब्दावर, अगदी कवीच्यासुद्धा, स्वतःची गोळी बंद करू नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)