पाहुणा परत जातो

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘समलिंगी माणसानं मुस्लिम देशात फिरायला जावं का? तिथं तो सुरक्षित असतो का?’ हा प्रश्न अलीकडे मला बरेचदा विचारला जातो. मी प्रवासी कंपनी चालवत नाही, वकीलही नाही. पण मराठीत कविता लिहिणारा मुसलमान म्हटल्यावर लोकांना वाटतं, यांना ठाऊक असणार!

प्रश्न रास्त आहे. फक्त त्यातला ‘मुस्लिम देश’ हा शब्द फसवा आहे. मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत मुस्लिम बहुसंख्य असलेले सुमारे पन्नास देश आहेत आणि त्यांचे कायदे एकमेकांशी जुळत नाहीत. इराण आणि सौदी अरेबियात समलिंगी संबंधांना देहदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. उलट अल्बेनियात १९९५ पासून तो गुन्हा नाही आणि २०१० साली तिथं समलिंगी व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदाही झाला. तुर्कस्तानात आणि जॉर्डनमध्येही तो गुन्हा नाही.

याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. उस्मानी तुर्कांनी १८५८ साली फ्रेंच कायद्याच्या धर्तीवर दंडसंहिता केली. खलिफाच्या त्या राज्यात दोन प्रौढांचा खासगी समलिंगी संबंध गुन्हा धरला गेला नाही. दोनच वर्षांनी, १८६० साली, इंग्रजांनी आपल्याकडे भारतीय दंडसंहिता आणली आणि तिच्यातल्या ३७७ व्या कलमानं तो गुन्हा ठरवला. ते कलम भारतापुरतं राहिलं नाही. पाकिस्तान, बांगलादेश आणि मलेशिया इथं ते त्याच क्रमांकासह आजही आहे. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं. तेव्हा सगळाच दोष धर्माच्या माथी मारता येत नाही आणि इंग्रजांच्या माथी मारूनही सुटका होत नाही. बहुतेक उलेमा या संबंधांना पाप मानतात, ही गोष्ट मी लपवणार नाही. पण दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची टेहळणी करू नये, अशी आज्ञाही कुराणातच, सूरह हुजुरातमध्ये आहे. तिची आठवण मात्र कमी लोकांना होते.

बरं, कायद्याचं पुस्तक वाचून प्रवाशाचं काम भागतं का? भागत नाही. इस्तंबूलमध्ये २००३ पासून समलिंगींचा अभिमान मोर्चा निघे, पुढे त्यात हजारो लोक येऊ लागले. २०१५ पासून सरकार त्यावर बंदी घालत आलं आहे. कायदा बदलला नाही, हवा बदलली. इजिप्तच्या कायद्यात समलिंगी संबंधांचं नावही नाही. पण वेश्याव्यवसायाविरुद्धच्या १९६१ च्या कायद्यात एक ‘दुराचार’ असा शब्द आहे. त्या एका शब्दावर माणसं तुरुंगात जातात. ओळखी जुळवण्याच्या मोबाइल अ‍ॅपवर पोलीसच खोट्या नावानं बसतात, हे मानवी हक्क संघटनांनी वारंवार नोंदवलं आहे. इंडोनेशियातही एका देशात दोन तऱ्हा आहेत. आचे प्रांतात समलिंगी संबंधांना जाहीर फटक्यांची शिक्षा आहे आणि २०१७ साली दोन तरुणांना ती भोगावी लागली.

परदेशी माणसाला कोण हात लावतो, असंही कुणी समजू नये. २०१७ सालीच सिंगापूरच्या दोघांना अबुधाबीच्या एका मॉलमध्ये बायकी पोशाखावरून पकडलं. आधी एक वर्षाची कैद सुनावली, मग अपिलात दंड करून देशाबाहेर पाठवलं. त्यातली एक व्यक्ती पारलिंगी स्त्री होती. समलिंगी माणूस आपली ओळख निदान चार दिवस झाकून ठेवू शकतो. पारलिंगी किंवा तृतीयपंथी व्यक्तीनं चेहरा आणि पासपोर्टावरचा रकाना कुठं झाकायचा?

तरीही हे खरं, की सावध प्रवासी बहुतेक वेळा सुखरूप परततो. का परततो? मालदीवचंच उदाहरण घ्या. आपल्याकडची कितीतरी जोडपी तिथं जातात. रिसॉर्टच्या बेटावर दारू मिळते, वस्तीच्या बेटावर ती निषिद्ध. समलिंगी संबंधांना तिथं कायद्यानं शिक्षा आहे. पण रिसॉर्टच्या बेटावर पाहुण्याच्या खोलीत कुणी सहसा डोकावत नाही. याला मी डोळेझाक म्हणतो, स्वीकार म्हणत नाही. ही डोळेझाक खोलीच्या भाड्यात मिळते. त्याच खोलीतली चादर बदलणारा तिथलाच पोरगा समलिंगी असेल तर? सुट्टीत तो वस्तीच्या बेटावर आपल्या घरी जातो आणि तिथं ही डोळेझाक त्याच्या वाट्याला येत नाही.

म्हणून प्रवाशानं स्वतःच्या सुरक्षिततेबरोबर यजमानाचीही काळजी करायला हवी. जुलै २०२३ मध्ये क्वालालंपूरजवळच्या एका संगीत महोत्सवात एका इंग्रज बँडच्या गायकानं तिथल्या कायद्याचा निषेध म्हणून रंगमंचावर आपल्या साथीदाराचं चुंबन घेतलं. सरकारनं सगळा महोत्सवच बंद केला. बँड विमानानं निघून गेला. तिथल्या समलिंगी लोकांपैकीच अनेकांनी म्हटलं, याचा भुर्दंड आता आम्ही भरायचा. आणि कैरोत? २०१७ साली एका लेबनीज बँडच्या कार्यक्रमात काहींनी इंद्रधनुषी झेंडा फडकवला. त्यानंतर कित्येकांना अटक झाली. सारा हेगाझी ही त्यातलीच एक. तुरुंगात तिचा छळ झाला, ती कॅनडात आश्रयाला गेली आणि २०२० साली तिनं आयुष्य संपवलं.

माझ्या ओळखीच्या एका कोकणी घरातला मुलगा मागं मला भेटला. “चाचा, आखातात नोकरी मिळालीय. जाऊ का?” त्याचं गुपित मला माहीत होतं. मी म्हटलं, “बेटा, आठ दिवसांचा प्रवासी आणि आठ वर्षांचा नोकरदार यांत फरक आहे. प्रवाशाला हॉटेलची खोली असते, तुला एका खोलीत चौघांबरोबर राहायचंय. तुझा व्हिसा मालकाच्या हातात असेल. फोनमधली ती अ‍ॅप्स, ते फोटो इथंच काढून टाक. वकिलातीचा नंबर पाठ कर. भरवशाच्या एका माणसाला तरी सगळं सांगून जा.” तो गेला. घरी पैसे पाठवतो, फोनवर हवापाण्याबद्दल बोलतो. बाकी काही बोलत नाही. न बोलणं हीच त्याची सुरक्षितता आहे आणि तीच त्याची शिक्षाही.

कवी म्हणून मला एक गोष्ट बोचते. बगदादमध्ये टायग्रिसच्या काठाने अबू नुवासच्या नावाचा रस्ता आहे. हा आठव्या-नवव्या शतकातला थोर अरबी कवी. मद्यावर त्यानं लिहिलं, तसंच पुरुषांवरच्या प्रेमावरही उघडपणे लिहिलं. बाबरानंही आपल्या आत्मचरित्रात तरुणपणी एका मुलाच्या प्रेमात कसा वेडा झालो होतो, ते लिहून ठेवलंय. आणि त्याच इराकच्या संसदेनं एप्रिल २०२४ मध्ये समलिंगी संबंधांना दहा ते पंधरा वर्षांच्या कैदेचा कायदा केला. ज्याच्या नावाचा रस्ता राखला, त्याच्यासारख्या माणसाला आता त्या रस्त्यानं निर्धास्त चालता येणार नाही.

तर जायचं की नाही? जा. पण जाण्याआधी कायदा वाचा, त्या गावाची हवा विचारा आणि तिथं भेटणाऱ्या माणसाला आपल्यापायी धोका होणार नाही, हे पाहा. आम्ही मुसलमान मेहमाननवाजीचा मोठा अभिमान बाळगतो. मात्र पाहुण्याला अभय आणि घरच्या लेकराला भीती, याला मेहमाननवाजी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पाहुणा परत जातो. लेकराला तिथंच राहायचं असतं.