माळव्याची उलटी वाट



या परिषदेचे अध्यक्षपद मला मिळाले त्यात माझ्या योग्यतेपेक्षा आपल्या औदार्याचाच भाग अधिक आहे, हा उपचार मनापासून पाळून मी थेट माळव्याकडे वळतो. ‘भाजीपाला’ हा शब्द दप्तरातला. आमच्या करवीर इलाख्यात परड्यात, बांधावर आणि पाटाच्या कडेला जे पिकते ते माळवे, आणि ज्या शिवारात ते पिकते त्याच शिवारातल्या ताटांत ते पुष्कळदा शिळे होऊन येते, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

गेल्या श्रावणात गगनबावड्याच्या वाटेवरील एका आठवडी बाजारात, धनगरवाड्यावरून उतरलेल्या एक आजी बुट्टीत कुर्डू आणि भारंगीचा कोवळा पाला घेऊन, डोक्यावर पोत्याची खोळ ओढून बसल्या होत्या. शहरातून मोटारीने आलेल्या हौशी मंडळींनी ती बुट्टी अर्ध्या तासात रिकामी केली. आणि हाती आलेल्या पैशांतून आजींनी समोरच्या पालातून कोथिंबिरीची एक पेंडी घेतली, जिची पाने कडेने पिवळी पडली होती. ‘‘कुठली हो ही?’’ मी विचारले. ‘‘कोल्हापूरची. हितं कुठली मिळायला?’’ पालवाल्याने मात्र हसत खुलासा केला, की माल पाच कोसांवरच्या, खालच्या अंगाच्या गावचाच. तो रात्री टेम्पोत चढला, पहाटे शहराच्या घाऊक बाजारात त्याचा लिलाव झाला, वर अडत, हमाली आणि भाडे चढले, आणि त्यातलाच एक डाग पुन्हा घाटाकडे परतला.

या उलट्या वाटेचा दोष कोणा एकाच्या माथी मारता येत नाही. जिथे रस्ता आणि भांडवल, तिथे पेठ. १८९१ साली मिरजेहून आगगाडी करवीरात आली आणि १८९५ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, तिथल्या गुळाने देशभर नाव काढले. पण गूळ हा टिकाऊ जिन्नस, ढेप महिनोन्‌महिने वखारीत थांबते, आणि माळव्याचे वय तर तोडल्या क्षणापासून तासांनी मोजावे लागते. ढेपेला मानवणारी व्यवस्था आपण पेंडीला लावली. त्यातच ऊस वाढला. लागणीनंतरचे पहिले दोन-तीन महिने सरीच्या बगलेला मेथी, मुळा, कोथिंबीर टोचून घरचे कोरड्यास भागविण्याची बायामाणसांची जुनी वहिवाट होती. तणनाशकाच्या पंपाने ती मोडली, आणि तिच्या नुकसानीची नोंद कोणत्याही खातेवहीत झाली नाही, कारण ती मेथी कधी विकलीच गेली नव्हती.

कायद्याने काही केले नाही असे नव्हे. १९६३ च्या बाजार कायद्याच्या नियमनातून २०१६ साली फळे व भाजीपाला मोकळा झाला आणि शेतकऱ्याला थेट विक्रीची मुभा मिळाली. परंतु तिचा लाभ शहरातल्या गिऱ्हाइकाला आधी पोहोचला, कारण चार पैसे त्याच्यापाशी रोख होते. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने महामार्ग अडविला आणि शहरात भाजी मिळेनाशी झाली, तेव्हा वाडीवस्तीवरचे लोक दर पावसाळ्यात काय सोसतात त्याची नागरिकांना आठ दिवस चव कळली. ओसरल्या पाण्याबरोबर ती आठवणही ओसरली.

माझे मागणे लहान आहे. गावच्या बाजाराला ओटे, छप्पर आणि पाण्याचा नळ असावा. बुट्टीवाल्या बाईकडून बाजारकराची पावती फाडताना तिची बुट्टी आणि टेम्पो एका मापाने मोजू नयेत. शाळेच्या पोषण आहारातली भाजी त्याच गावच्या परड्यांतून रोखीने घ्यावी. एके काळी एसटीच्या टपावर बुट्ट्या चढत असत आणि कंडक्टर त्यांचे लगेज फाडीत असे; टप गेला, त्याच्या जागी काय द्यावयाचे ते कोणी ठरविले नाही. यावर उपसमिती नेमू नये, अशी मात्र हात जोडून विनंती आहे. उपसमित्यांचे अहवाल गुळाहूनही टिकाऊ असतात.

दुपारच्या पंगतीला नदीकाठच्या वांग्यांचे भरले वांगे आहे, असे कळल्यावरून ती कोणत्या मळ्यातली, हे मी सकाळी आचाऱ्याला विचारले. त्याने मला घाऊक बाजारातल्या गाळ्याचा नंबर सांगितला.