धंदा कसा चाललाय, देश कसा चाललाय
(गणेशोत्सवातील व्याख्यानावरून)



आम्ही राज्य सरकारचे नोकर. राजकीय पक्षाचं सदस्य व्हायला आम्हाला सेवानियमांची मनाई, त्यामुळे बोलणं कमी आणि ऐकणं जास्त. सांवेर रोडच्या छोट्या कारखानदाराला 'धंदा कसा?' विचारलं, तर तो ऑर्डरी सांगतो, वीजबिल सांगतो, पैसे कुणाकडे अडकलेत ते सांगतो. 'देशाचं कसं?' विचारलं की तोच माणूस हिशेबाची वही मिटून झेंडा काढतो. शेजारशेजारच्या दोन शेड, माल एकाच गिऱ्हाइकाला जातो. एक म्हणतो तेजी आहे, दुसरा म्हणतो वाट लागली.

डिसेंबर २०१८ ते मार्च २०२० आठवा. दिल्लीत एक पक्ष, भोपाळात दुसरा. डाळीचा भाव एकच, पण कुणी त्याचं बिल दिल्लीला लावी, कुणी भोपाळला. पोह्यांवर जिरावण पडेपर्यंत वाद पेटलेला असायचा!

हे फक्त आपलंच नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २०१६ ला ट्रम्प निवडून आले. त्यांनी शपथ घेण्याआधीच तिथल्या पाहण्यांत रिपब्लिकन मतदारांना अर्थव्यवस्था सुधारल्यासारखी वाटू लागली. धोरण अजून एकही बदललेलं नव्हतं.

आणि नोटबंदी? बाद झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये सांगितलं. एक बाजू म्हणाली, मग काळा पैसा बुडाला कुठे? दुसरी म्हणाली, बघा, सगळा पैसा बँकेत आला. आकड्यानं कुणाचंच मत हललेलं आम्ही पाहिलं नाही.

चहाबरोबर हे चालतं. पण घरातला मुलगा नोकरी सोडून सांवेर रोडवर शेड घ्यायची म्हणतो, तेव्हा काकांचा सल्ला त्यांच्या पक्षाप्रमाणे येतो. पक्ष सत्तेत असेल तर 'घे बिनधास्त', नसेल तर 'वेडा झालास का?' कर्ज मात्र मुलाच्या नावावर. बिनधास्तपणा आणि भीती, दोन्हींनी घरं अडचणीत येतात. आम्हाला तर बिनधास्तपणाची जास्त धास्ती वाटते.

अशा मुलानं आधी चार शेडवाल्यांकडे जावं. देशाचं विचारू नये. माल दिल्यावर पैसे किती दिवसांनी हातात येतात, एवढंच विचारावं. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा आहे. तिथे सहा महिने लागत असतील, तर तोवर बँकेचा हप्ता कोण भरणार, हे घरी येऊन काकांनाही विचारावं.