मांजर सांगत नाही, आपण बघायचे असते

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण. त्या दिवशी माईक मधूनमधून बंद पडत होता, म्हणून अनेकांच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांना वाटले होते की मी नामनिर्देशन, मृत्युपत्र किंवा मुदतठेवीवरचा टीडीएस यांपैकी काहीतरी बोलेन. मी म्हटले, "मांजर." ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, "काका, तक्रार करणार आहात की कौतुक?" त्यांचे बरोबर होते. आपल्या तक्रारवहीत पार्किंग आणि गळती यांच्यानंतर तिसरा नंबर मांजरांचाच लागतो. मी ना तक्रार करणार आहे, ना कौतुक. माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे, आणि ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून चार गोष्टी.

मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षे बँकेत होतो. मांजराबद्दल जे कळले ते उशिरा, प्राण्यांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारविचारून आणि थोडे वाचून. माझे लहानपण परळच्या चाळीत गेले. तिथे बैलघोड्याचे हॉस्पिटल जवळच होते; त्याचे खरे नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, पण आम्हा पोरांना बैलघोडाच ठाऊक. मांजराला कोणी दवाखान्यात नेते हे मात्र आमच्या डोक्यातही नव्हते. चाळीतले मांजर सगळ्यांचे आणि कोणाचेच नाही. आजारी पडले की कुठेतरी कोपऱ्यात जाऊन बसायचे, एक दिवस दिसेनासे व्हायचे, आणि आई म्हणायची, "गेलं असेल दुसऱ्या चाळीत."

2014 च्या पावसाळ्यात आपल्या मीटररूममध्ये एक बोक्याचे पिल्लू सापडले. नातीने फ्रॉकमध्ये गुंडाळून घरी आणले. त्याचे नाव गुंड्या. जुन्या सभासदांना तो आठवत असेल. वॉचमनच्या खुर्चीवर बसणारा तोच. चार वर्षे घरात त्याचेच राज्य होते.

एका शनिवारी संध्याकाळी तो सारखा आपल्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊ लागला. बसायचा, जोर करायचा, उठायचा, पुन्हा पाच मिनिटांनी जायचा. मधूनच वेगळ्याच आवाजात ओरडायचा आणि मागची बाजू चाटत बसायचा. मी निदान केले: बद्धकोष्ठ. कोमट दुधात तूप घालून दिले. रविवारी तो पलंगाखाली जाऊन बसला. नात म्हणाली, "आजोबा, तो बाहेर येत नाहीये." मी म्हटले, "झोपू दे त्याला, पोट साफ होईल." सोमवारी सकाळी उलट्या सुरू झाल्या तेव्हा रिक्षा केली. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि विचारले, "लघवी कधीपासून नाही?" मला सांगता आले नाही. मी ते पाहिलेच नव्हते. मूत्रमार्ग तुंबला होता. मूत्राशय चेंडूसारखे टणक झाले होते. त्यांनी नळी घातली, सलाईन लावले, सगळे केले. पण विष रक्तात चढले होते. रात्री तो गेला.

घरी आल्यावर नातीने एवढेच विचारले, "आजोबा, तो दोन दिवस सांगत होता ना?"

मंडळी, बँकेत थकलेल्या कर्जाला एनपीए म्हणायला आम्ही 90 दिवस थांबत असू. लघवी तुंबलेल्या बोक्याला दोन दिवससुद्धा मिळतीलच असे नाही. नराचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. बारीक खडे किंवा चिकट पदार्थ अडकला की बंद. म्हणून ज्यांच्या घरी बोका आहे त्यांनी आज दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, हे ठेवा: बोका वारंवार ट्रेमध्ये बसतो आहे आणि लघवी होत नाही, तर घरगुती उपाय नाही, सकाळची वाट नाही. रात्री दोन वाजले असले तरी डॉक्टर शोधायचा.

आता प्रश्न असा की मला कळले का नाही? कारण मांजर दुखणे लपवते. कुत्रा लंगडत तुमच्यापुढे येतो, पंजा दाखवतो. मांजर तसे करत नाही. ते स्वतः शिकारी असले तरी अंगाने लहान. मोठ्या जनावरांचे भक्ष्य. रानात जो अशक्त दिसला तो संपला. ही सवय फ्लॅटमध्ये राहायला आले म्हणून जात नाही. आणि एक गोष्ट मला फार उशिरा समजली. मांजर गुरगुरते म्हणजे ते खूश आहे असे आपण समजतो. बहुतेक वेळा ते खरे असते, पण दुखत असतानाही मांजर गुरगुरते. गुंड्या त्या रविवारी पलंगाखाली गुरगुरत होता. मी म्हटले, बघा, बरा आहे.

मग ओळखायचे कसे? चेहऱ्यावरून थोडे कळते. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी 2019 साली यासाठी एक मोजपट्टीच तयार केली. त्यात पाच गोष्टी पाहतात: कान, डोळे, तोंडाचा भाग, मिशा आणि डोके. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड आवळलेले, मिशा ताठ, आणि डोके खांद्यांच्या खाली गेलेले, असे दिसले तर मांजराला वेदना आहेत असे समजावे. पण त्याहून सोपा मार्ग म्हणजे रोजचे वागणे. प्रत्येक मांजराचे वेळापत्रक ठरलेले असते. त्यात बदल झाला की तीच त्याची तक्रार. फ्रिजवर उडी मारणारे मांजर आता खुर्चीवरच थांबते, तर सांधे दुखत असतील. अंग चाटणे बंद झाले, केस राठ दिसू लागले, लपून बसू लागले, नेहमी मऊ असणारे अचानक फिसकारू लागले, ट्रे सोडून गादीवर लघवी केली. यातले काहीही "मस्ती" म्हणून सोडू नका. गादीवर लघवी करणाऱ्या मांजराला मारू नका. ते सूड घेत नसते, बहुधा त्याला त्रास होत असतो, नाहीतर ट्रे घाण असतो. ट्रे रोज साफ हवा, आणि नियम असा की मांजरांपेक्षा ट्रे एक जास्त.

गुंड्यानंतर मी मांजर पाळायचे नाही असे ठरवले होते. 2019 मध्ये परदेशी निघालेल्या एका कुटुंबाने मनीला आमच्याकडे सोडले. डॉक्टरांच्या अंदाजाने तेव्हा ती सहा वर्षांची होती. या वेळी मी एक वही केली. सून हसते, म्हणते, "बाबा, मनीचं पासबुक." दर महिन्याच्या एक तारखेला वजन. बाथरूममधल्या काट्यावर मी तिला घेऊन उभा राहतो, मग एकटा उभा राहतो, आणि वजाबाकी. 2022 च्या पावसाळ्यात तीन महिन्यांत 4.2 किलोचे 3.7 झाले. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. खात होती, खेळत होती. पण पाण्याचे भांडे लवकर रिकामे व्हायचे आणि ट्रेमध्ये वाळूचे गोळे मोठे व्हायचे. रक्त तपासले तर मूत्रपिंडे कमकुवत व्हायला सुरुवात झाली होती. वयस्कर मांजरांत हा आजार नेहमीचा. तो बरा होत नाही, पण लवकर कळला तर खाणे बदलून, पाणी वाढवून सांभाळता येतो. मनी आज अकरा वर्षांची आहे आणि आत्ता या क्षणी माझ्या खुर्चीवर बसलेली असणार.

आता खाणे. हा आमच्या घरातला नाजूक विषय, कारण आमच्या घरी कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. गुंड्याला मी दूधपोळी घालत असे. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. दुधातली साखर पचवणारे पाचकद्रव्य वाढत्या वयात कमी होते, आणि मग जुलाब. दुसरे म्हणजे मांजर पक्के मांसाहारी आहे. त्याला टॉरीन नावाचे एक द्रव्य लागते, ते मांस-मासळीत असते, पोळीत नाही. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिले की टॉरीन कमी पडले की मांजराचे हृदय ढिले पडते, आणि ते भरून दिले तर सुधारतेही. डोळ्यांनाही त्याची गरज असते. हे ऐकल्यावर आमच्या सौ. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आपला धर्म आपण पाळायचा, तिचा तिला पाळू दे." तेव्हापासून गॅलरीत तिची वेगळी वाटी, वेगळा चमचा, आणि मांजरांसाठीचे तयार खाणे. शाकाहारी घरांनी मांजर पाळू नये असे नाही. मांजराला शाकाहारी करू नये एवढेच. आणखी एक. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, विशेषतः लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतते. "भूक लागली की खाईल" हे वाक्य मांजराला लागू नाही.

घरात काय नको ते पटकन सांगतो. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. ताप आला म्हणून आपले औषध देऊ नका. कुत्र्याच्या गोचिडीचे औषध मांजराला लावू नका, त्यातल्या काहींत असलेले परमेथ्रिन त्याला विष आहे. लिलीची फुले फुलदाणीत नकोत. परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडे जातात. कांदा-लसूण नको. फिनाईलने फरशी पुसली तर वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत, कारण पाय चाटले की ते पोटात. गॅलरीला भक्कम जाळी लावा. मांजर चार पायांवर पडते हे खरे, पण चौथ्या मजल्यावरून पडून पाय आणि जबडा मोडतोच.

लसीकरण पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की सुरू करायचे, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. जंताचे औषध वेळच्या वेळी. मुलांनो, तुमच्यासाठी: मांजर शेपटी जोरात आपटू लागले की हात काढून घ्यायचा. मैत्री करायची असेल तर त्याच्याकडे टक लावून बघू नका, डोळे हळूच मिटा आणि उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये हे तपासून पाहिले. असे केले की मांजरेही डोळे मिटून उत्तर देतात आणि अनोळखी माणसाजवळ यायला जास्त तयार होतात. आणि कोणत्याही मांजराने चावले, ओरखडले, तर घरी लपवायचे नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

शेवटी तक्रारवहीचे. मांजरी रात्री भांडतात, रडतात, जिन्यात घाण करतात, हे सगळे खरे. ती हाकलून ही गोष्ट संपत नाही; जागा रिकामी झाली की दुसरी येतात. मांजरी पाच महिन्यांच्या वयातही गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, आणि वर्षात दोन-तीनदा विते. चक्रवाढ व्याज मी तुम्हांला शिकवायला नको. यावर उपाय एकच, नसबंदी. ऑपरेशन झाले की बोक्यांची भांडणे आणि जागोजागी फवारणे पुष्कळ कमी होते. म्हणून खाली खाणे घालणाऱ्यांना माझी विनंती, खाणे घालायचे तर ऑपरेशनची वर्गणीही भरायची. आणि ज्यांना मांजर आवडत नाही त्यांनाही विनंती, एवढ्यासाठी भरा. पहिली पाचशे रुपयांची पावती माझ्या नावे फाडा. आणि पावसाळ्यात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. ऊब शोधत पिल्ले आत शिरतात.

मी फार वेळ घेतला. समितीला एकच सुचवतो. जवळचे प्राण्यांचे डॉक्टर आणि रात्री उघडे असणारे दवाखाने यांचे फोन नंबर सूचनाफलकावर लावावेत. आणि तोपर्यंत, कोणाचा बोका रात्री ट्रेमध्ये सारखा बसताना दिसला आणि काय करावे सुचले नाही, तर माझ्या दाराची बेल वाजवा. वेळ बघू नका. या वयात झोप तशीही कमीच असते, आणि रिक्षात तुमच्या शेजारी बसायला मी येईन.