हिरवी रेघ कुठे संपते?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात पूर्वी आमची सगळी मदार बोटावर असे. ‘त्या झाडाच्या शेंड्यावरून जरा डावीकडे बघा,’ असं म्हणेपर्यंत निम्मी मंडळी भलत्याच ताऱ्याकडे बघत असत. मग हिरवा लेझर हाती आला. कळ दाबली की हवेत सरळ रेघ उमटते आणि सप्तर्षींपासून ध्रुवापर्यंत लोकांना अलगद नेता येतं.

काही वर्षांपूर्वी वांगणीला एका आठवीतल्या मुलाच्या हातात मी कौतुकानं लेझर दिला. मृगापासून रोहिणीपर्यंत त्यानं छान नेलं. तेवढ्यात कुणीतरी ‘ते बघा विमान’ म्हणालं आणि त्याचा हात तिकडे वळला. मी झडप घालून लेझर काढून घेतला. पण रेघ विमानाला लागली की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्या रात्री मला झोप आली नाही. चूक मुलाची नव्हती, माझी होती.

ती रेघ ताऱ्यापाशी संपल्यासारखी दिसते, पण हा भास आहे. प्रकाश पुढे जातच राहतो आणि जाता जाता रुंदावतो. एक किलोमीटरवर तो साधारण एक मीटर रुंद होतो, तीन किलोमीटरवर तीन मीटर. अंधाऱ्या कॉकपिटच्या काचेवर तो पडला की काचच उजळून निघते. विमान उतरवण्याच्या ऐन वेळी वैमानिकाला धावपट्टीचे दिवे दिसेनासे होऊ शकतात.

जवळच्या माणसाच्या डोळ्यालाही धोका असतोच. ५ मिलिवॉट हा आकडा किरकोळ वाटतो; पण डोळ्याचं भिंग हा प्रकाश पडद्यावरच्या एका बारीक ठिपक्यावर एकवटतं. तिथली इजा कायमची राहू शकते. शिवाय स्वस्त लेझरवरच्या लेबलाचा भरवसा नसतो. नेहमीच्या हिरव्या लेझरमध्ये हिरवा प्रकाश तयार होतो तो अदृश्य अवरक्त किरणांपासून. ते अडवणारी गाळणी नसेल तर तेही बाहेर येतात आणि दिसत नसल्यामुळे डोळे मिटले जात नाहीत.

तेव्हापासून आम्ही काही पथ्यं पाळतो. लेझर एकाच जाणत्या माणसाच्या हाती असतो. विमानतळाच्या आसपास तो बाहेरच काढायचा नाही. कळ दाबण्यापूर्वी चहूकडे नजर फिरवून हलता दिवा नाही ना, हे पाहायचं. हात सगळ्यांच्या डोक्यांच्या वर न्यायचा, मगच कळ दाबायची. दोन-तीन सेकंदांत सोडायची आणि नंतरच हात खाली आणायचा. दुर्बिणीकडे तो कधीही रोखायचा नाही. पिशवीत ठेवताना बॅटरी काढून ठेवायची.

आणि विमानाचा आवाज आला, तर लेझर खिशात टाकायचा. तेवढा वेळ बोट आहेच की!