नैराश्य : उदासीपलीकडचा आजार



किमान 2 आठवडे, जवळजवळ रोज,
मन खिन्न राहिले किंवा कशातच रस उरला नाही,
आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रताही बिघडली,
तर ती नुसती उदासी नसून नैराश्य, म्हणजे मनाचा आजार, असू शकतो.

समोरचा चहा निवून त्यावर साय धरते,
तरी कप उचलण्याचे बळ राहत नाही;
घरचे याला आळस म्हणतात,
आणि उपचार तिथेच लांबतात.

हा आजार आहे, आळस नव्हे.

नैराश्यरोधी औषधांचा, म्हणजे मेंदूतील रासायनिक संदेशवहनावर काम करणाऱ्या गोळ्यांचा, गुण यायला काही आठवडे लागतात,
म्हणून डॉक्टरांना न विचारता त्या थांबवू नयेत.

‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर
दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येते.